पाय दुखतोय, पण नेमका कुठे आणि कधी?

माझ्या आईचा गुडघा आम्ही पाच महिने शेकला. बाम चोळला, पट्टा बांधला, एक्स-रे काढला. त्यात ‘झीज आहे’ असं आलं आणि कारण सापडलं असं समजून आम्ही पुन्हा शेकायला लागलो. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, लालबाग-परळ भागात रोज दुखरे पाय बघणारी. तरी आईला पलंगावर झोपवून नीट तपासायचं माझ्याकडून राहिलं. एका सकाळी ती मोजा चढवायला वाकली आणि तिचा हात गेला तो गुडघ्याकडे नाही, जांघेकडे गेला. दुखणं खुब्याचं होतं. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक असतात, त्यामुळे खुब्याची कळ पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. पाच महिने आम्ही चुकीच्या दारावर थाप मारत होतो.

तेव्हापासून पायदुखीचं कुणी काही विचारलं की उपाय सांगण्याआधी मी दोनच गोष्टी विचारते: दुखण्याचा पत्ता काय आणि वेळ कोणती? एका पावलात २६ हाडं आणि तीसच्या वर सांधे असतात. वर घोटा, गुडघा, खुबा, आणि या सगळ्यांना कंबरेतून येणाऱ्या नसा. ‘पाय दुखतो’ एवढ्यावरून कोणतं तेल लावायचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात आधी: घरी थांबायचं की लगेच निघायचं?

पुढचं सगळं वाचायच्या आधी हे बघून घ्या. यातलं काही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

- एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दाबली की दुखते. विशेषतः ऑपरेशन, प्लॅस्टर, बाळंतपण किंवा गावाहून रात्रभर बसून केलेल्या प्रवासानंतर. ही शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी कुणाला चोळू देऊ नका. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.
- एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला आहे आणि अंगात ताप आहे. सांध्यात पू झाला असेल तर दिवस नाही, तास महत्त्वाचे असतात.
- पाय मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर, मागच्या कडेवर अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर बोट ठेवताच जीव जातो. एक्स-रे हवाच.
- पाऊल अचानक गार, पांढरं किंवा निळसर पडलं आहे.
- कंबरदुखीसोबत पाय लुळे पडल्यासारखे वाटतात, बसायच्या जागी बधिरपणा आहे, लघवी अडकते.
- मधुमेह आहे आणि एक पाऊल सुजून गरम झालं आहे. ते दुखत नसलं तरीही. नसा मेलेल्या पायात हाडं ढासळत असतानाही माणूस त्यावर चालत राहतो.

आठ दिवसांची वही

यातलं काही नसेल तर एक साधी वही घ्या आणि आठ दिवस लिहा. बोटाच्या टोकाने जागा दाखवता येते की पूर्ण पंजा ठेवावा लागतो? दुखणं सकाळी उठल्याबरोबर असतं, जिना उतरताना, संध्याकाळी, की मध्यरात्री? किती चाललं की सुरू होतं, आणि थांबल्यावर उभ्या उभ्या जातं की बसावंच लागतं?

आणि दुखण्याला आपले शब्द वापरा. आपल्या भाषेत ते नेमके आहेत आणि तपासणाऱ्याला त्यांचा फार उपयोग होतो. ठणका म्हणजे बहुधा सूज किंवा दाह. मुंग्या, आग, बधिरपणा, कमरेपासून खाली धावत जाणारी चमक हे शब्द नसेकडे बोट दाखवतात. पाय भरून येणं, जड होणं हे शिरांचं किंवा निव्वळ थकव्याचं. आखडणं हे सांध्याचं. ‘खूप दुखतं हो’ याच्या जागी ‘पहाटे ठणका लागतो’ असं एखाद्या मावशी म्हणाल्या की माझं अर्धं काम होतं.

आखडण्याची वेळ मिनिटांत मोजा. सकाळी उठल्यावर सांधे दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होत असतील तर बहुधा झिजेचा प्रकार असतो. तासभर किंवा त्याहून जास्त लागत असेल, दोन्ही पायांच्या चवड्यांचे आणि हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. तिथे व्यायाम आणि शेक पुरे पडत नाहीत, संधिवाततज्ज्ञच हवा, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. ‘थंडीमुळे असेल’ म्हणून बायका यात वर्ष घालवतात. पुढे त्यांची बोटं बघताना मला फार वाईट वाटतं.

टाच: सकाळचं पहिलं पाऊल

मुंबईत माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं ते हे. रात्रभर बरं असतं, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखं होतं, दहा पावलं चाललं की कमी होतं, आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी परत येतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणारा एक जाड पडदा असतो, त्याच्या टाचेकडच्या टोकाला इजा झालेली असते. रात्री तो आखडतो, पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

याचं कारण बहुतेक वेळा पायावर एकदम वाढलेला भार. वजन वाढलं, उभं राहायची नोकरी लागली, घरात नवी गुळगुळीत फरशी आली आणि दिवसभर अनवाणी ओट्यापाशी उभं राहणं झालं. नवरात्रात नऊ दिवस चप्पल सोडणाऱ्या, सोमवारी रात्री सिद्धिविनायकाला चालत जाणाऱ्या, गणपतीत रांगेत आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या बायका त्यानंतरच्या पंधरवड्यात हीच तक्रार घेऊन येतात. श्रद्धेत मी पडत नाही. ज्यांना हे व्रत करायचंच आहे त्यांनी महिनाभर आधीपासून पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करावेत, एवढं मी कळकळीने सांगते. मधुमेह असलेल्यांनी मात्र अनवाणी चालू नये, देवाच्या दारीही.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक हबकतात. तसं टोक टाच कधीच न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतं. ते कापून काढायची गरज सहसा पडत नाही.

आता करायचं काय, ते क्रमाने:

उठल्यावर पाय खाली टेकवायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. हाताने सगळी बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा, तळव्याला दोरी ताणल्यासारखी लागली पाहिजे. दहा आकडे धरा, सोडा. असं दहा वेळा. दिवसात तीनदा करायचं, पण सकाळचं पहिल्या पावलाच्या आधीचं चुकवायचं नाही. पलंगाशी मऊ तळाची सपाता ठेवा आणि फरशीवर अनवाणी उतरू नका.

दुसरं, भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली. मागचा गुडघा सरळ ठेवून तीस आकडे, मग थोडा वाकवून तीस आकडे, प्रत्येकी तीनदा. पोटरी आखडलेली असेल तर टाच बरी होत नाही.

संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिला कापड गुंडाळा आणि दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा.

पहिली तीव्रता उतरली की खरं औषध सुरू होतं, ते म्हणजे ताकद. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेका, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, कठडा धरा. तीन आकड्यांत टाचा वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर. चाळीतला जिना असो की इमारतीचा, याला एक पायरी पुरते.

हे तीन महिने करावं लागतं, आणि ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. ज्यांना कुणी सांगत नाही ते पंधरा दिवसांत कंटाळून इंजेक्शन मागतात. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास तो पडदा फाटायची भीती असते. सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांची टाच ऑपरेशनशिवाय बरी होते.

पंचविशीतला मुलगा टाच दुखते म्हणून आला, तर मी त्याला कंबरेचंही विचारते. पहाटे कंबर आखडते आणि हालचालीने बरं वाटतं, असं असेल तर मणक्याच्या दाहाचा आजार टाचेतून डोकावत असू शकतो. तोही संधिवाततज्ज्ञाकडचा विषय.

घोटा, पोटरी, नडगी

पाय मुरगळला (धावत्या लोकलमधून फलाटावर उतरणाऱ्यांनो, तुमच्यासाठी लिहितेय) आणि वर सांगितलेली हाडाची लक्षणं नाहीत, तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसात तीन-चारदा. क्रेप बँडेज बोटांकडून वर नडगीकडे बांधा. बोटं गार किंवा निळी पडली तर सैल करा. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. या दिवसांत गरम शेक आणि जोरकस चोळणं दोन्ही नको. ‘बसवून’ घेण्यासाठी पाय खेचून घेऊ नका, फाटलेला अस्थिबंध त्याने आणखी फाटतो. तिसऱ्या दिवसापासून झोपल्या झोपल्या पावलाने हवेत अक्षरं काढा, आठवड्याभरात एका पायावर तोल धरायचा सराव करा. हा तोलाचा सराव लोक टाळतात, आणि मग तोच घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळतो.

टाचेच्या मागच्या बाजूची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी) दुखत असेल तर पायरीच्या कडेवर दोन्ही टाचांनी वर जायचं आणि दुखऱ्या एकाच पायाने सावकाश खाली यायचं. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसात दोनदा, बारा आठवडे. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही ती आम्ही वापरतो. टाचेला चिकटलेल्या जागीच दुखत असेल तर मात्र टाच पायरीच्या पातळीखाली उतरवायची नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नडगी दुखणारी तरुण मुलं येऊ लागतात. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत दुखत असेल तर धावणं निम्म्यावर आणा. एका बोटाएवढ्या जागेतच हाड दुखत असेल तर धावणं बंद. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि तो पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसत नाही.

गुडघा

‘वंगण संपलंय’, ‘गॅप आलाय’, ‘हाडाला हाड घासतंय’. ही वाक्यं ऐकून माणूस हलायचाच बंद होतो. मी ती कधी वापरत नाही. पन्नाशीनंतर कित्येकांच्या एक्स-रेत झीज दिसते आणि त्यांचा गुडघा दुखत नाही, तर कुणाच्या एक्स-रेत फारसं काही नसतं आणि जिना चढवत नाही. झिजलेल्या सांध्यालाही हालचाल लागते. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलल्यावर होणाऱ्या दाब-सोडीतूनच तिला पोषण मिळतं.

तरुणपणी जिना उतरताना, उकिडवं बसताना, सिनेमाला तीन तास बसून उठताना वाटीच्या मागे दुखत असेल तर मांडी आणि नितंबाचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता जास्त. पन्नाशीनंतर आतल्या बाजूला दुखणं, कुरकुर, थोडी सूज, बसून उठताना आखडणं ही झिजेची वाट. गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही, किंवा चालता चालता दगा देतो, असं असेल तर आतली गादी किंवा अस्थिबंध फाटलाय का ते बघावं लागतं.

आणि आईवरून शिकलेली गोष्ट: गुडघा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाने खुर्चीत बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून बघावा. मोजा घालणं, नखं काढणं कठीण जात असेल आणि जांघेत कळ येत असेल, तर खुबा तपासून घ्या. तिशी-चाळिशीतल्या माणसाला, विशेषतः पूर्वी स्टेरॉइडचे उपचार झाले असतील किंवा दारू जास्त असेल, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, इथे एमआरआय लागतो. साध्या झिजलेल्या गुडघ्याला मात्र बहुतेक वेळा एमआरआयची गरज नसते, तो खर्च वाचवा.

व्यायाम चार, जागा एका चटईएवढी:

पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबा, मांडी कडक झाली पाहिजे, पाच आकडे, सोडा. दहा-दहाच्या तीन फेऱ्या. हा व्यायाम दुखणं जोरात असतानाही करता येतो.

उताणं झोपून एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ ठेवून वाकवलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, पाच आकडे धरा, सावकाश ठेवा.

दोन्ही गुडघे वाकवून कंबर उचला, नितंब आवळून धरा. गुडघ्याला मागच्या स्नायूंचाही आधार लागतो, आणि मुंबईत बसून काम करणाऱ्यांचे तेच झोपलेले असतात.

चौथा माझ्या मते सगळ्यात मोलाचा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठा आणि तितक्याच सावकाश बसा. जमत नसेल तर खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच करा. पाचपासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन वाढवा, मग उशी काढा. ज्या दिवशी आजी नातवंडाचा हात न धरता उठतात, त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, फक्त दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं झालं पाहिजे. नाही झालं तर आकडे कमी करा, व्यायाम सोडू नका. रोज थोडं चालाही. शिवाजी पार्कची एक फेरी एक किलोमीटरहून जरा जास्त भरते. अर्धी फेरी, कट्ट्यावर बसणं, उरलेली अर्धी, अशी सुरुवात झकास. जुहूच्या मऊ वाळूत नको, पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूवर किंवा सपाट रस्त्यावर.

वजनाचं बोलणं नकोसं वाटतं हे मला माहीत आहे. तरी हा हिशेब ऐका: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. दिवसाला चार-पाच हजार पावलं टाकणाऱ्या बाईसाठी तीन किलोही पुष्कळ झाले.

काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ सगळे उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. स्टेशनच्या पुलावर कठड्याच्या बाजूने चाला, आणि सरकता जिना किंवा लिफ्ट असेल तर त्यात कमीपणा मानू नका. उकिडवं बसायच्या शौचालयासाठी मधे भोक असलेली कमोड खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. देवापुढे मांडी घालून बसता येत नाही म्हणून रडणाऱ्या आजी मी पाहिल्यात. त्यांना मी सांगते, पाट सोडा, स्टूल घ्या, आणि ताकद आली की सणापुरती मांडी घालून बघा. कायमची बंदी कुणी घातलेली नाही.

हे सगळं मन लावून करूनही रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, तेव्हा सांधा बदलायचा विचार करावा. भीतीने दहा वर्षं घरात बसण्यापेक्षा तो बरा. ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. रुग्णालयाच्या बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

मध्यरात्रीचा अंगठा

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, पायाच्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही: हा बहुधा गाऊट, सांध्यात साचलेले यूरिक अॅसिडचे स्फटिक. ऐन झटक्यात रक्तातलं यूरिक अॅसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. बर्फ लावा, पाय वर ठेवा आणि डॉक्टरांकडून झटक्याचं औषध घ्या. यूरिक अॅसिड कमी करणारी रोजची गोळी चालू असेल तर झटक्यात ती स्वतःहून बंद करू नका. कलेजी, भेजा, बिअर, आणि तारली, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या यांवर आवर घाला. वरणभात बंद करायचं कारण नाही. डाळीतल्या घटकांनी गाऊटचा धोका तसा वाढत नाही, तरी घरोघरी पहिली गदा डाळीवरच येते.

पावसाळ्यात पाय दुखला आणि ताप आला

हे मुंबईकरांनी वेगळं लक्षात ठेवायला हवं. तुंबलेल्या पाण्यातून घरी आलात, आठ-दहा दिवसांनी ताप भरला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) संशय घ्या. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या बारीक जखमांतून तो शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने तो पाहिला आहे. ‘चालून पाय दुखले असतील’ म्हणून थांबू नका, मूत्रपिंडावर आणि यकृतावर तो भरभर उतरतो. पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. जवळच्या पालिका दवाखान्यात विचारा. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं.

चिकुनगुनियात ताप चार-पाच दिवसांत जातो, पण घोटे, पावलं, मनगटं आठवडे, कधी महिने धरून ठेवतो. तिथे पूर्ण अंथरूण धरू नका, हळूहळू सांधे हलवत राहा. आणि डेंग्यूची शंका मिटेपर्यंत अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चालताना ठरावीक अंतरावर

स्टेशनपासून घर पाचशे पावलं आणि दरवेळी तीनशेव्या पावलाला पोटरी आवळते. उभं राहिल्यावर दोन मिनिटांत जातं, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शक्यता, विशेषतः विडी-सिगारेट, तंबाखू, मधुमेह असेल तर. उभं राहून जात नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, म्हणजे मणक्यात नसा दाबल्याची शक्यता. दोन्हींत तेल-मालीश करून उपयोग नाही. डॉक्टरांनी पायाची नाडी बघितली का, हे विचारा.

विरार-चर्चगेट हे ६० किलोमीटर रोज उभ्याने करणारे, वाहतूक पोलीस, वॉचमन, दुकानातल्या मुली यांचे पाय संध्याकाळी जड होतात, शिरा फुगतात. उभ्या उभ्या दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचला. पोटरी हा रक्त वर ढकलणारा पंपच आहे. घरी आल्यावर पाय भिंतीला टेकून पंधरा मिनिटं.

गोळी, जेल, शेक आणि त्या पुड्या

गुडघा-घोट्याच्या दुखण्यावर गोळीच्या आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, दिवसात तीन-चारदा, दोन आठवडे. पोटात फार थोडं जातं. पॅरासिटामॉल ६५० ची गोळी निरोगी प्रौढाने दिवसात चारपेक्षा जास्त घेऊ नये, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. केमिस्टकडून मागून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाणं मूत्रपिंडाला, जठराला आणि रक्तदाबाला महागात पडतं. नडग्या, मांड्यांची हाडं दुखतात, जिना चढताना मांडीत जोर नाही, असं असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व तपासा. पण साठ हजार युनिटची पुडी न विचारता वर्षभर दर आठवड्याला घेऊ नका, त्याचाही अतिरेक होतो.

जुन्या आखडलेल्या सांध्याला गरम शेक, ताज्या सुजेला बर्फ. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवीही नको. भाजलेलं कळत नाही.

आणि लोकलच्या डब्यात जिची जाहिरात चिकटवलेली असते ती ‘सात दिवसांत वात मुळापासून’वाली बिननावाची पुडी. कृपा करून घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेली सापडली आहेत. आठवड्यात जादू होते, मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आधीच घेत असाल तर अचानक बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना खोटं सांगू नका, ते रागावले तरी.

पायात काय घालता

चप्पल-बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. पुढे अंगठाभर जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवा, तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. टॉवेलसारखा पिळता आला तर ठेवून द्या. टाचेला मागून पट्टा हवा, म्हणजे चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागत नाहीत. अगदी सपाट कडक तळ आणि तीन इंची टाच, दोन्ही टाळा. घरात वेगळी मऊ सपाता. पावसात भिजलेले बूट दिवसभर पायात ठेवू नका.

तपासायला जाताना

हे सगळं सहा आठवडे करून फरक नाही, तर दाखवाच. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपीची ओपीडी आहे. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. रांगेत बसायला घडीचं स्टूल न्यायला लाजू नका.

सोबत ती आठ दिवसांची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने एक्स-रे न्या. गुडघ्याच्या वर गुंडाळता येईल असा सैल पायजमा किंवा परकर घाला, आणि दोन्ही पाय दाखवा, फक्त दुखरा नको. डॉक्टरांकडे जायचं म्हणून नवी चप्पल मात्र घालून येऊ नका. रोजची, झिजलेली, तीच घाला. टाच बाहेरून झिजली आहे की आतून, एकच चप्पल जास्त घासली आहे का, हे बघून मला तुमच्या चालण्याबद्दल पुष्कळ काही कळतं.